पॅक-१२ : सही एकाची, हिशेब दुसऱ्याचा

पॅक-१२ ही कॉलेज खेळांची १०८ वर्षं जुनी लीग एका शुक्रवारी मोडली, असं सांगायची पद्धत पडली आहे. तारीखही ठरलेली: ४ ऑगस्ट २०२३. त्या सकाळी उरलेल्या नऊ विद्यापीठांचे अध्यक्ष ऑनलाइन जमले ते ॲपलबरोबरच्या प्रक्षेपणाचं प्रकरण मार्गी लावायला. ते लागलं नाही. वॉशिंग्टन आणि ओरेगन बिग टेन या प्रतिस्पर्धी लीगला जाऊन मिळाले. रात्र पडली तोवर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा यांनी बिग ट्वेल्व्ह या आणखी एका लीगचा रस्ता धरला होता. राहिले चार. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कलीचं कॅल हे दोघे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेले. पॅसिफिकच्या काठावरची विद्यापीठं अटलांटिकच्या लीगमध्ये; भूगोलाच्या मास्तरांनी कपाळाला हात लावावा अशी गोष्ट. शेवटी उरले दोन: ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

मला त्या शुक्रवारपेक्षा त्याआधीच्या बारा वर्षांत आणि नंतरच्या दोनेक वर्षांत जास्त रस आहे. कारण कॉन्फरन्स चालवणाऱ्या पगारी प्रशासकांचं करिअर कसं घडतं आणि कसं कोसळतं, हे इतक्या उघडपणे दुसरीकडे कुठे पाहायला मिळत नाही. एकाच खुर्चीवर एकामागून एक बसलेले तिघे: लॅरी स्कॉट, जॉर्ज क्लियावकॉफ आणि टेरेसा गूल्ड. माझं म्हणणं एवढंच, की या खुर्चीवरच्या माणसाने केलेले करार त्याच्या कारकिर्दीपेक्षा जास्त जगतात, आणि त्यांची वसुली होते तेव्हा खुर्चीत भलताच कुणीतरी बसलेला असतो. पॅक-१२मध्ये हे दोनदा घडलं.

आधी थोडी ओळख. आपल्याकडे विद्यापीठांचे खेळ म्हणजे भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि महाराष्ट्रात 'अश्वमेध'. मैदानाबाहेर त्याची चर्चा क्वचितच होते, आणि टीव्हीचा पैसा तर नाहीच. अमेरिकेत कॉलेज फुटबॉल (त्यांचा अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे) हा अब्जावधी डॉलरचा धंदा आहे आणि तो कॉन्फरन्सच्या मार्फत विकला जातो. दहा-बारा विद्यापीठं एकत्र येतात, आपापसात सामने खेळतात, प्रक्षेपणाचे हक्क एकगठ्ठा विकतात आणि पैसे वाटून घेतात. कॉन्फरन्सचा प्रमुख तो कमिशनर. त्याला नेमतात आणि काढतात विद्यापीठांचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या भाषेत कुलगुरू.

सहकारी साखर कारखाना ज्याने जवळून पाहिला आहे त्याला हे लगेच कळेल. सभासदच मालक आणि सभासदच ऊस घालणारे. कार्यकारी संचालक हा पगारी माणूस. शेजारच्या कारखान्याने टनामागे चार पैसे जास्त दिले की ऊस तिकडे वळतो, आणि कार्यकारी संचालकाला तो अडवायचा अधिकार नसतो. अडवतो तो फक्त कागद. कॉन्फरन्समध्ये तो कागद म्हणजे हक्कपत्र: अमुक वर्षापर्यंत आमच्या मैदानावरच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क आम्ही कॉन्फरन्सच्या नावे केले, असं प्रत्येक विद्यापीठ लिहून देतं. त्या मुदतीत कुणी बाहेर पडलं, तर त्याचे हक्क मागेच राहतात. मुदत संपली की सगळे मोकळे. पॅक-१२ची ही मुदत २०२४च्या उन्हाळ्यात संपत होती.

टेनिसमधून आलेला माणूस

२००९मध्ये ही लीग अजून पॅक-१० होती आणि तिचं कार्यालय वॉलनट क्रीक नावाच्या उपनगरात होतं. टॉम हॅन्सन १९८३पासून कमिशनर. एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेत वर्षानुवर्षं काढलेले, सभ्य, सावकाश चालणारे. त्यांच्या काळात लीगचा रुबाब होता. राष्ट्रीय विजेतेपदांच्या जोरावर ती स्वतःला विजेत्यांची कॉन्फरन्स म्हणवायची, आणि ते खोटंही नव्हतं. पण टीव्हीच्या पैशात ती मागे पडत चालली होती. कुलगुरूंनी ठरवलं, आता बाहेरचा माणूस आणू.

लॅरी स्कॉट हार्वर्डच्या टेनिस संघाचे कर्णधार होते, काही काळ व्यावसायिक टेनिस खेळले, मग पुरुष टेनिसच्या एटीपीच्या कार्यालयात चढत गेले आणि २००३मध्ये महिला टेनिसच्या डब्ल्यूटीएचे प्रमुख झाले. तिथे २००५मध्ये त्यांनी सोनी एरिक्सनकडून सहा वर्षांसाठी ८ कोटी ८० लाख डॉलरचं प्रायोजकत्व आणलं. २००७मध्ये विम्बल्डनने महिलांना पुरुषांइतकं बक्षीस द्यायला सुरुवात केली, त्या लढ्यातही त्यांचा वाटा होता. थोडक्यात, विकण्यात वाकबगार आणि मोठं स्वप्न दाखवणारा माणूस. कॉलेजच्या खेळात मात्र एक दिवसही काम केलेलं नाही.

पहिली दोन वर्षं त्यांनी गाजवली, हे मान्य करायलाच हवं. जून २०१०मध्ये टेक्सास, ओक्लाहोमा यांच्यासह बिग ट्वेल्व्हची सहा विद्यापीठं उचलून सोळा जणांची लीग करायचा डाव त्यांनी टाकला. टेक्सास ऐन वेळी थांबलं, डाव फसला, तरी कोलोरॅडो हाती लागलं, मागोमाग युटा आलं आणि पॅक-१०ची पॅक-१२ झाली. मे २०११मध्ये ईएसपीएन आणि फॉक्स या टीव्ही कंपन्यांशी बारा वर्षांचा, सुमारे ३ अब्ज डॉलरचा करार झाला. त्या दिवशी तो कॉलेज खेळातला सर्वांत मोठ्या करारांपैकी एक होता. शिवाय लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या दोघांना त्यांनी समान वाटपाला राजी केलं. म्हणजे सर्वांत मोठ्या बाजारपेठेतली विद्यापीठंही पुलमन किंवा कॉर्व्हॅलिससारख्या छोट्या गावांतल्या विद्यापीठांइतकाच वाटा घेणार. तेव्हा त्याचं कौतुक झालं. यूएससीने ते पोटात ठेवलं.

खरा फास मात्र वेगळ्याच निर्णयात होता. ऑगस्ट २०१२मध्ये पॅक-१२चं स्वतःचं टीव्ही नेटवर्क सुरू झालं: एक राष्ट्रीय वाहिनी, सहा प्रादेशिक वाहिन्या आणि मालकी शंभर टक्के कॉन्फरन्सची. बिग टेनने २००७मध्ये आपलं नेटवर्क काढताना फॉक्सला भागीदार केलं होतं. एसईसी या दक्षिणेकडच्या बड्या कॉन्फरन्सचं नेटवर्क २०१४मध्ये निघालं ते थेट ईएसपीएनच्या मालकीचं. स्कॉट यांचा तर्क असा, की भागीदार कशाला? सगळी मलई आपलीच राहील आणि पुढेमागे विकायची वेळ आली तर अख्खी मालमत्ता हातात असेल.

कागदावर तर्क बिनतोड आहे. पण केबल आणि डिशवाल्यांशी भांडायला मागे दांडगा भागीदार लागतो. ईएसपीएन डिशवाल्याला सांगू शकतं, एसईसीची वाहिनी घे, नाहीतर बाकीच्या वाहिन्यांचं बोलणंही अवघड होईल. पॅक-१२कडे दुसरी वाहिनीच नव्हती, मग धमकी कशाची देणार? डायरेक्टीव्ही या बड्या उपग्रह कंपनीने हे नेटवर्क घेतलं नाही ते शेवटपर्यंत. परिणामी पश्चिम किनाऱ्याबाहेरच्या कितीतरी घरांत, खेळ दाखवणाऱ्या कितीतरी बारमध्ये पॅक-१२चे सामने दिसेनात. जे सामने मोठ्या वाहिन्यांवर होते त्यांतले बरेच पॅसिफिक वेळेनुसार रात्री साडेसातला सुरू व्हायचे, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये साडेदहा. सर्वोत्तम खेळाडूच्या ट्रॉफीसाठी मत देणारे, प्लेऑफच्या निवड समितीतले, पालक, पोरं असा अर्धा देश झोपलेला.

त्या नेटवर्कचं काम दर्जेदार होतं, हेही नोंदवतो. वर्षाला आठशेच्या वर थेट प्रक्षेपणं, त्यात वॉटर पोलो, व्हॉलीबॉल, जिम्नॅस्टिक्स. ज्या खेळाडूंना दुसरीकडे पडदा मिळाला नसता त्यांना तो मिळाला. पण विद्यापीठांच्या खात्यात पडणारी रक्कम अपेक्षेच्या मानाने किरकोळ राहिली आणि खर्च मात्र बड्या शहराचा. कार्यालय आणि स्टुडिओ सॅन फ्रान्सिस्कोच्या भर वस्तीत गेले. भाडंच वर्षाला ७० लाख डॉलरच्या घरात गेल्याच्या बातम्या छापून आल्या. स्कॉट यांचा पगार ५० लाख डॉलरच्या वर पोचला. लीग जिंकत असती तर या पगाराबद्दल कुणी अवाक्षर काढलं नसतं. पण २०१६मध्ये वॉशिंग्टन चार संघांच्या राष्ट्रीय प्लेऑफमध्ये गेलं, आणि पुढची सहा वर्षं पॅक-१२चा एकही संघ तिथवर पोचला नाही. २०२२च्या आर्थिक वर्षात बिग टेनच्या बहुतेक सदस्यांना प्रत्येकी सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलर मिळाले, पॅक-१२च्या सदस्याला सुमारे ३ कोटी ७० लाख.

जानेवारी २०२१मध्ये स्कॉट जाणार असं जाहीर झालं. जूनअखेर ते गेले. ईएसपीएन-फॉक्सच्या करारात आणखी तीन वर्षं शिल्लक होती. ही तीन वर्षं त्यांच्या खात्यावर लिहिली गेली नाहीत.

नवा माणूस, जुना करार

१ जुलै २०२१ला जॉर्ज क्लियावकॉफ रुजू झाले. शिक्षणाने वकील, कॉलेजात वल्हवणारे, मग बेसबॉलच्या डिजिटल कंपनीत, एनबीसीत, हुलू या स्ट्रीमिंग सेवेच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत आणि शेवटी एमजीएम रिसॉर्ट्स या हॉटेल-कसिनो कंपनीत मनोरंजन आणि क्रीडा विभागाचे अध्यक्ष. कुलगुरूंनी पुन्हा बाहेरचाच माणूस निवडला, आणि पुन्हा माध्यमांच्या भाषेत बोलणारा.

तीन आठवड्यांत पहिला हादरा बसला: टेक्सास आणि ओक्लाहोमा बिग ट्वेल्व्ह सोडून एसईसीत जाणार. बिग ट्वेल्व्ह तेव्हा अर्धमेली होती, उरलेली आठ विद्यापीठं निवारा शोधत होती. पॅक-१२ने ऑगस्टअखेर जाहीर केलं की आम्हाला विस्तार करायचा नाही. त्याऐवजी बिग टेन आणि अटलांटिक कोस्ट यांच्याबरोबर एक 'आघाडी' घोषित झाली. या आघाडीचा लेखी करार नव्हता, शब्दावर विश्वास. एकमेकांचे सदस्य पळवायचे नाहीत अशी समजूत. दहा महिन्यांनी, ३० जून २०२२ला, बिग टेनने यूएससी आणि यूसीएलए उचलले.

इथे क्लियावकॉफ यांच्यावर भोळेपणाचा ठपका ठेवला जातो, आणि थोडा तो त्यांच्या वाट्याचा आहेही. पण जरा हिशेब मांडू. यूएससी का गेलं? समान वाटपाची सल, नेटवर्कमुळे वाढत गेलेली दरी आणि २०२४मध्ये मोकळी होणारी मुदत. तिन्ही गोष्टी २०११-१२मधल्या. त्या खोलीत बसून सह्या करणाऱ्या कुलगुरूंपैकी बहुतेक जण तोवर निवृत्त झाले होते किंवा दुसरीकडे गेले होते. ॲरिझोना स्टेटचे मायकेल क्रो हे २००२पासून खुर्चीवर असलेले ठळक अपवाद.

पुढच्या तेरा महिन्यांत मात्र जे झालं ते क्लियावकॉफ आणि त्यांच्या कुलगुरूंचं स्वतःचं. जुलै २०२२मध्ये पॅक-१२ने ईएसपीएन आणि फॉक्सशी मुदतीआधीच बोलणी सुरू केली. ती करार न होता संपली. ईएसपीएनने प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे ३ कोटी डॉलर देऊ केले आणि कुलगुरूंनी ५ कोटी मागितले, असं त्या काळात अनेक पत्रकारांनी लिहिलं. दरम्यान बिग ट्वेल्व्हमध्ये नवा कमिशनर आला होता: ब्रेट यॉरमार्क. ब्रुकलिन नेट्स हा बास्केटबॉल संघ आणि त्याचं बार्कलेज सेंटर चालवलेला, तिथून रॉक नेशन या मनोरंजन कंपनीत गेलेला. कॉलेज खेळाशी त्याचाही संबंध शून्य. त्याच्या लीगचा करार पॅक-१२च्या करारानंतर एक वर्षाने संपणार होता, म्हणजे रांगेत तो मागे उभा होता. त्याने रांग मोडली. ऑक्टोबर २०२२अखेर ईएसपीएन आणि फॉक्सशी सहा वर्षांचं जमवून टाकलं, विद्यापीठामागे वर्षाला सरासरी ३ कोटी १७ लाख डॉलर.

त्या दिवशी बाजारातली जागा संपली. ईएसपीएन आणि फॉक्स यांना शनिवारच्या वेळा भरायला पुरेसे सामने मिळाले होते. पॅक-१२ मात्र अजून चांगल्या भावाची वाट पाहत होती. जानेवारी २०२३मध्ये आणखी एक जुनं गाठोडं उघडलं: कॉमकास्ट या केबल कंपनीने नेटवर्कला गेली दहाएक वर्षं जास्तीचे पैसे दिले होते, एकूण सुमारे ५ कोटी डॉलर, आणि ते परत वळते होणार होते. संचालक मंडळाला ही गोष्ट कळवली नाही म्हणून दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना घरी पाठवलं गेलं. बोलणी ऐन भरात असताना विद्यापीठांच्या येत्या वर्षांच्या वाट्याला कात्री लागली.

२१ जुलै २०२३ला लास वेगासमध्ये हंगामाआधीची पत्रकार परिषद झाली. करार कुठे आहे, हा एकच प्रश्न. क्लियावकॉफ यांचं उत्तर असं होतं, की जितकं थांबू तितके पर्याय सुधारतायत. त्याच रात्री मियामीजवळ मेस्सी ॲपलच्या कॅमेऱ्यांसमोर पहिल्यांदा मैदानात उतरला. ॲपल खेळात उतरलं होतं ते खरंच. सहा दिवसांनी कोलोरॅडो बिग ट्वेल्व्हमध्ये परत गेलं. १ ऑगस्टला कुलगुरूंसमोर अखेर आकडे आले: ॲपलकडून विद्यापीठामागे अडीच कोटी डॉलरच्या आतबाहेर, आणि ग्राहक वाढले तर वाढीव रक्कम.

हा प्रस्ताव वाईट होता का? मला तसं वाटत नाही. ग्राहकसंख्या चांगली वाढली असती तर बिग ट्वेल्व्हपेक्षा जास्त पैसे मिळाले असते. पण प्रशिक्षक घरोघरी जाऊन अठरा वर्षांच्या पोराला आपल्या विद्यापीठात ये म्हणून पटवतो, तेव्हा त्याच्या आजीला सामना कुठे दिसणार हे त्याला सांगावं लागतं. दहा वर्षं 'आमची वाहिनी तुमच्याकडे लागत नसेल कदाचित' असं सांगून थकलेल्या विद्यापीठांना आता 'वेगळं सदस्यत्व घ्या' असं सांगायचं होतं. स्कॉट यांच्या नेटवर्कने जी धास्ती बसवली होती, तिची किंमत ॲपलच्या प्रस्तावाने मोजली. वॉशिंग्टन आणि ओरेगन यांनी बिग टेनमध्ये अर्धा वाटा पत्करला, पण पत्करला.

आणि गंमत अशी, की लीगच्या त्या अखेरच्या हंगामात वॉशिंग्टन अपराजित राहून राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचलं. ८ जानेवारी २०२४ला ह्यूस्टनमध्ये मिशिगनकडून ते ३४-१३ हरलं. मैदानात लीग इतकी तगडी बऱ्याच वर्षांत नव्हती.

आतला की बाहेरचा?

या सगळ्यावरून अमेरिकेत एक सोपा निष्कर्ष काढला गेला: कॉलेज खेळात वाढलेला कमिशनर हवा, बाहेरचे पुड्या सोडतात. उदाहरणं तयारच होती. बिग टेनचे जिम डेलनी नॉर्थ कॅरोलायनाकडून बास्केटबॉल खेळले, कायदा शिकले, एनसीएएमध्ये तपासनीस झाले, १९७९मध्ये ओहायो व्हॅली या छोट्या कॉन्फरन्सचे कमिशनर आणि १९८९पासून तीस वर्षं बिग टेनचे. एसईसीचे ग्रेग सँकी साउथलँड नावाच्या आणखी छोट्या लीगचे १९९६मध्ये कमिशनर होते. २००२मध्ये एसईसीत दुय्यम पदावर आले आणि तेरा वर्षांनी खुर्चीवर बसले. ही ती जुनी शिडी: लहान लीगमध्ये रेफ्रींच्या तक्रारी, बसभाडं, वेळापत्रकं निस्तरत शिकायचं.

पण यॉरमार्क या सिद्धांतात बसत नाही. तो क्लियावकॉफ यांच्याइतकाच बाहेरचा, आणि त्याने एका वर्षात अर्धमेली लीग उभी केली. मला फरक दुसरीकडे दिसतो. टेनिसच्या दौऱ्यात स्कॉट यांच्याकडे विकायला एक वस्तू होती आणि खेळाडूंना जायला दुसरा दौरा नव्हता. करमणुकीच्या धंद्यात क्लियावकॉफ यांनी शिकलेलं सूत्र होतं, योग्य भाव येईपर्यंत थांबा. दोन्ही अनुभव खरे, पण दोन्ही ठिकाणी माल जागेवर राहतो. कॉन्फरन्समध्ये मालालाच पाय असतात. डेलनी किंवा सँकी यांना हे सांगावं लागत नाही, छोट्या लीगमध्ये त्यांनी सदस्य निघून जाताना पाहिलेले असतात. यॉरमार्कला ते टेक्सास आणि ओक्लाहोमाने त्याच्या आगमनाआधीच शिकवून ठेवलं होतं. म्हणून तो भावापेक्षा सहीच्या मागे लागला.

या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या मराठी मुलामुलींचे प्रश्न आता अधूनमधून येतात. क्रीडा व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम निघालेत, अमेरिकेत त्यासाठी जाणारेही आहेत. त्यांना मी एवढंच सांगतो, की पद देऊ केलं तर पगाराच्या आकड्याआधी चालू कराराच्या शेवटच्या पानावरची तारीख पाहा. क्लियावकॉफ यांना मिळालेली तारीख तीन वर्षांवर होती.

उरलेल्यांची लीग

आता तो भाग, जो मला सर्वांत जास्त आवडतो. यात मैदान नाही, एक नियम आहे. पॅक-१२च्या घटनेत लिहिलं होतं, की १ ऑगस्ट २०२४च्या आधी जो सदस्य बाहेर पडण्याची सूचना देईल त्याचा प्रतिनिधी संचालक मंडळावर राहणार नाही. यूएससी आणि यूसीएलए यांना कॉन्फरन्सने याच आधारावर बैठकांतून वगळलं होतं. कोलोरॅडोलाही तसंच कळवलं होतं. मग आणखी सात गेले, तेव्हा उरलेल्या दोघांनी विचारलं: नियम तोच असेल तर मंडळावर आता आम्ही दोघंच ना?

ओरेगन स्टेटच्या अध्यक्ष जयती मूर्ती. आयआयटी कानपूरच्या अभियंत्या. त्या २०२२च्या सप्टेंबरमध्ये रुजू झाल्या त्या यूसीएलएच्या अभियांत्रिकी विभागाचं अधिष्ठातापद सोडून, म्हणजे यूसीएलएने लीग सोडायचं जाहीर केल्यावर दोनच महिन्यांनी. त्यांनी आणि वॉशिंग्टन स्टेटच्या कर्क शुल्झ यांनी कोर्टाचा दरवाजा ठोठावला. वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिटमन काउंटीच्या न्यायाधीशांनी १४ नोव्हेंबर २०२३ला त्यांच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे. पुढे तडजोडीत जाणाऱ्या दहा जणांनी मिळून साडेसहा कोटी डॉलर मागे सोडायचं मान्य केलं.

फेब्रुवारी २०२४मध्ये क्लियावकॉफ यांना निरोप दिला गेला आणि १ मार्चपासून टेरेसा गूल्ड कमिशनर झाल्या. कॅलच्या क्रीडा विभागात दीर्घकाळ वरिष्ठ पदावर, मग यूसी डेव्हिस, २०१८पासून पॅक-१२च्याच कार्यालयात. जुन्या शिडीवरून आलेल्या. बड्या पाच कॉन्फरन्सपैकी एकीच्या प्रमुखपदी पहिली स्त्री, अशी नोंद झाली. लीगमध्ये दोन संघ उरलेले असताना. बाईच्या हाती चाव्या नेमक्या कधी येतात याबद्दल वेगळं लिहायला हवं; इथे एवढंच, की ही खुर्ची त्या वेळी फार कुणी मागत नव्हतं.

एनसीएएच्या नियमाने दोन वर्षांत आठ संघ उभे करायचे होते. नेटवर्क ३० जून २०२४ला बंद झालं, पण स्टुडिओ ठेवला. तो आता सॅन रॅमोनमध्ये आहे, हॅन्सन यांच्या वॉलनट क्रीकपासून हाकेच्या अंतरावर. महागडं शहर आधीच सोडून झालं होतं. सप्टेंबर २०२४मध्ये गूल्ड यांनी माउंटन वेस्ट कॉन्फरन्समधून बॉइझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट आणि कोलोरॅडो स्टेट घेतले, मागोमाग युटा स्टेट. पूर्वेकडचे मेम्फिस, टुलेन वगैरे आले नाहीत. फुटबॉल नसलेलं पण बास्केटबॉलमध्ये दबदबा असलेलं गॉन्झागा आलं, आणि जून २०२५अखेर टेक्सास स्टेट आल्यावर फुटबॉलचे आठ भरले.

आणि इथे वसुलीची दुसरी वेळ आली. डिसेंबर २०२३मध्ये, म्हणजे क्लियावकॉफ यांच्या काळात, पॅक-१२ने माउंटन वेस्टशी सामन्यांचा करार केला होता. उरलेल्या दोघांना २०२४मध्ये खेळायला प्रतिस्पर्धीच नव्हते, म्हणून १ कोटी ४० लाख डॉलर मोजून प्रत्येकी सहा सामने घेतले. त्यात एक कलम होतं: पॅक-१२ने माउंटन वेस्टचा सदस्य उचलला तर दंड. पहिल्याला एक कोटी डॉलर, पुढच्या प्रत्येकाला आणखी पाच लाखांची भर. पाच विद्यापीठांचा हिशेब बोटांवर होतो: १ कोटी, १ कोटी ५ लाख, १ कोटी १० लाख, १ कोटी १५ लाख, १ कोटी २० लाख. एकूण साडेपाच कोटी डॉलर. त्या कागदावर गूल्ड यांची सही नव्हती, बिल त्यांच्या नावे आलं. त्यांनी हे कलम बेकायदा आहे म्हणून सप्टेंबर २०२४मध्ये फेडरल कोर्टात धाव घेतली.

समोरच्या बाकावर माउंटन वेस्टच्या कमिशनर ग्लोरिया नेव्हारेझ. स्कॉट यांच्या काळात त्या पॅक-१२मध्ये वरिष्ठ सहकमिशनर होत्या. तिथून वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सच्या कमिशनर झाल्या आणि २०२३च्या सुरुवातीला माउंटन वेस्टला आल्या. एकाच कार्यालयातून तयार झालेल्या दोघी, आणि त्यांच्यामध्ये साडेपाच कोटींचं कलम. बिग टेन किंवा एसईसी काय करू शकतात आणि सदस्य कसे पळतात, हे नेव्हारेझ यांनी जवळून पाहिलेलं होतं. म्हणूनच ते कलम त्या करारात होतं, असा माझा कयास.

नव्या पॅक-१२साठी ठरलेली तारीख १ जुलै २०२६. प्रक्षेपणासाठी गूल्ड यांनी सीबीएस, सीडब्ल्यू आणि यूएसए नेटवर्क यांच्याशी जमवलं: घराघरांत पोचणाऱ्या वाहिन्या, सगळी अंडी स्वतःच्या वाहिनीत नाहीत. सीबीएसचा करार २०३१पर्यंतचा आहे. बिग टेनचा २०२९-३०च्या हंगामाअखेर संपतो, बिग ट्वेल्व्हचा २०३०-३१ला. बिग टेन बाजारात पुन्हा पहिली उतरेल.